मेजर रतन आणि आयत्या वेळचा विषय

नायगाव, मुंबई
रविवार, ८ फेब्रुवारी १९५९

प्रिय गंगाधर,

माणूस बदलला आणि नाव तेच ठेवलं, तर तो पहिलाच माणूस म्हणायचा की दुसरा? तर्कशास्त्र आणि तत्त्वज्ञान घेऊन मी बी.ए. झाले, चाळीने माझ्या गळ्यात एवढा मोठा हार घातला की फोटोत माझं तोंडच दिसत नाही, आणि या प्रश्नाचं उत्तर मला येत नाही. पुस्तकं काढून पाहिली. आमच्या शाळेतल्या मुख्याध्यापकांना विचारलं, तर ते म्हणाले, "बाई, आधी चौथीच्या मुलांच्या वह्या तपासा." प्रश्न ऐकायला गहन वाटतो, पण तो निघाला मेजर रतन या गुप्तहेराच्या नव्या सिनेमावरून, आणि त्यापायी आपलं लग्न मोडलं आहे.

मोडल्याचं तुला कळलंच असेल. तुला नागपूरला दोन कार्डं आली असतील, एक तुझ्या बाबांचं आणि एक माझ्या बाबांचं. माझ्या बाबांच्या कार्डावरचं अक्षर तू ओळखलं असशील. ते माझं आहे. बाबांना सहीपुरतंच लिहिता येतं, आणि चाळीतल्या प्रत्येकाचं पत्र मीच लिहिते, हे तुला ठाऊक आहे. मी आधी नाही म्हटलं. तर बाबा म्हणाले, "मजकूर माझा हाय, तू फक्त हात." मग मी विचार केला, ज्या माणसाने माझ्या फीसाठी पाळ्यांवर पाळ्या केल्या, त्याला लिहिता येत नाही म्हणून त्याचं म्हणणं अडवून ठेवणं बरोबर नाही. तेव्हा माझं लग्न मोडल्याचं पत्र मीच लिहिलं, नीट समास सोडून. आई चुलीजवळून बघत होती. ती म्हणाली, "एवढी शिकवली ती ह्याच्यासाठी वाटतं!" आणि तिने भाकरी तव्यावर अशी आपटली की बाबांनी पुढचं वाक्य सांगायचं सोडून दिलं. म्हणून ते कार्ड मधेच तुटल्यासारखं वाटलं असेल.

तुझ्या बाबांच्या कार्डात काय आहे ते मला माहीत नाही. पण दोघांनी आपापल्या बाजूनेच लिहिलं असणार, म्हणून झालं ते सगळं मी तुला सांगते. मी कोणाची बाजू घेणार नाही. निदान तसा प्रयत्न करते.

तू बदली होऊन गेल्यानंतर आपल्या चाळीतल्या मेजर रतन प्रेक्षक मंडळाची चिटणीस मला केलं आहे. हसू नकोस. मी चाळीतल्या बायकांसाठी संध्याकाळचा साक्षरतेचा वर्ग काढायचं म्हणत होते आणि जागा हवी होती. व्यायामशाळेची चावी मंडळाकडे. अध्यक्ष भिवातात्या म्हणाले, "चावी घे, पण आमचे ठराव शुद्ध मराठीत लिहून दे. मागल्या वेळी निर्मात्याला पाठवलेला ठराव त्याला कळलाच नाही म्हणे." तेव्हा आठवड्यातून चार दिवस तिथे बायका बाराखडी गिरवतात आणि नवा सिनेमा लागला की पुढच्या रविवारी तिथेच सभा भरते. आपल्याकडे सभेचं वेड तुला सांगायला नको. हल्ली सगळ्या मुंबईतच रोज कुठे ना कुठे सभा असते, पण आपली माणसं नळाची वेळसुद्धा सूचक, अनुमोदक आणि हात वर करून ठरवतात.

मला आधी हे सगळं पोरकट वाटायचं. देश घडवायचा पडलाय आणि चांगली कर्ती माणसं गुप्तहेराच्या पिस्तुलातून किती गोळ्या सुटल्या यावर भांडतात! पण चिटणीस झाल्यावर, न पाहिलेल्या सिनेमाचे दोष लिहिणं अप्रामाणिकपणाचं वाटलं. म्हणून शाळा सुटल्यावर आईला घेऊन परळच्या थिएटरात गेले आणि 'मेजर रतन की वापसी' पाहिला. वही नेली होती. अंधारात लिहिता येत नाही हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

गंगाधर, तुला एक सांगू? मेजर रतनचा हा सातवा सिनेमा, पण मी पडद्यावर पाहिलेला पहिलाच. आधीचे सहाही मला पाठ आहेत, कारण ते तू सांगितलेस. दोन्ही बाबा तुला खांद्यावर घेऊन जायचे, आम्हा मुलींना नेत नसत, आणि दुसऱ्या दिवशी तू जिन्यात बसून सगळा सिनेमा सांगायचास. मोटारीचा आवाज काढताना तुझी थुंकी माझ्या परकरावर उडायची. विमान कोसळताना तू तीन पायऱ्या खाली गडगडत गेलास आणि वर येऊन पुढची गोष्ट सांगायला लागलास, गुडघ्यातून रक्त येत असताना. थिएटरात त्या दिवशी पडदा उजळला आणि मला वाटलं, एवढंच? विमान अगदीच लहान होतं. दोरी दिसत होती.

नवा सिनेमा खरंच चुकांनी भरलेला आहे. रतन खाडीत उडी मारतो आणि बाहेर येतो तेव्हा टोपी कोरडी. गिरणीत शिरून तो दहा जणांना लोळवतो, तरी काळ्या कोटावर कापसाचा एक तंतू लागत नाही. आपले बाबा नुसते खात्याच्या दारातून आत डोकावले तरी म्हातारे होऊन बाहेर येतात! शत्रूच्या घरावर पाळत ठेवायची म्हणून तो समोरच्या झाडाखाली उभा राहतो आणि मोठ्याने गाणं म्हणतो. आई म्हणाली, "हा कसला गुप्त? ह्याच्यापरीस आपली नळावरची मालन बरी." आणि सगळ्यात मोठी गंमत म्हणजे, गोष्ट जाते इस्तंबूलला. तिथल्या गल्लीतून पाठलाग चाललेला असताना मागच्या भिंतीवर डांबराने लिहिलेलं स्वच्छ दिसतं: मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे! थिएटर असं उसळलं की विचारू नकोस. शिट्ट्या, टाळ्या, घोषणा. मागचे लोक खलनायकाला विसरून उभे राहिले. मीही उभी राहिले. आईने पदर ओढून खाली बसवलं.

रविवारी सभा भरली. शीवला बिऱ्हाड हलवलं तरी तुझे बाबा नेहमीप्रमाणे सगळ्यांत आधी आले आणि माझ्या बाबांच्या शेजारी बसले. टोपी, कोट, गाणं हे दोष एकमताने मंजूर झाले. इस्तंबूलच्या भिंतीवर मात्र बराच वेळ गेला. कोणी म्हणालं, ही ढळढळीत चूक, तिथे मराठी कोण लिहिणार? तुझे बाबा म्हणाले, "का बरं? आपले खलाशी जगभर फिरतात. एखाद्याच्या हाती डांबर लागलं असेल." माझ्या बाबांनी अनुमोदन दिलं. शेवटी असं ठरलं की हा दोष नसून चित्रपटाचा एकमेव गुण आहे. त्यावर उपसूचना आली की भिंतीवर बेळगाव-कारवार राहून गेलं आहे, ते निर्मात्याने पुढच्या भागात न विसरता घालावं. तीही मंजूर. मी सगळं गंभीरपणे लिहून घेत होते, आणि खरं सांगते, मला त्या माणसांचा फार अभिमान वाटत होता.

मग आला नव्या रतनचा विषय. तुला कळलं असेलच, जुना नट गेला. त्याने पगार वाढवून मागितला म्हणे, शिवाय पोटही सुटलं होतं. त्याच्या जागी एक तरणा, काडीसारखा मुलगा आणलाय. नाव मेजर रतनच, टोपी तीच, आणि सिनेमात कोणालाही त्याचं नवल वाटत नाही. खुद्द रतनची आई त्याला पोटाशी धरते! माझ्या बाबांनी ठराव मांडला की या मंडळाचा नव्या रतनवर विश्वास नाही. "वापसी म्हणतात," ते म्हणाले, "पण परत आला तो दुसराच. आपल्याला काय डोळे नाहीत?"

तेव्हा तुझे बाबा विरोधात उठले. दोघांना एकमेकांच्या विरोधात उठलेलं मी जन्मात पाहिलं नव्हतं. ते अगदी शांतपणे म्हणाले, "बुधाजी, आपण दीक्षेला नागपूरला गेलो. जाताना मी कोंडीराम, येताना मी कोंडीराम. नाव तेच. पण गेला तो माणूस परत आला का? न्हाई आला. नवा आला. आणि आपण गावाला सांगितलं, आता आम्हाला नव्यानं बघा. मग त्या पोराला नव्यानं बघायला तुझं काय जातंय?"

 मी लिहायची थांबले. मला वाटलं, इतकं मोठं वाक्य मी कॉलेजात कधी ऐकलं नाही. पण बाबांचं तोंड लाल झालं होतं. ते म्हणाले, "धम्म नेऊन पडद्यावर टांगलास तू, कोंडीराम! अरे, मी बदललो तो माझ्या मनानं. त्याला बदललाय मालकानं. उद्या माझ्या जागेवर बदली कामगार उभा करतील, तरणा, निम्म्या पगाराचा, आणि तू त्यालाच बुधाजी म्हणशील? नाव तेच हाय म्हणून?"

बघ गंगाधर, म्हणून मला उत्तर देता येत नाही. मला दोघांचंही पटलं. आणि मला हेही पहिल्यांदाच कळलं की बाबा त्यांच्या जागेवर दुसरं कोणी उभं राहिलेलं मनात पाहतात. घरी ते कधी बोलले नव्हते.

पण सभेत कोणी असं थांबत नाही. तुझे बाबा म्हणाले, मी धम्माचा अपमान केला असं म्हणणाऱ्या माणसाच्या घरी माझा मुलगा जावई म्हणून बसणार नाही. माझे बाबा म्हणाले, नको बसू दे, माझी बी.ए. पोरगी त्या काडीच्या भक्ताच्या घरी भाकऱ्या थापायला मोकळी नाही. तुझे बाबा म्हणाले, मोडली सोयरीक. माझे म्हणाले, मोडली. भिवातात्या इतके गोंधळले की त्यांनी विचारलं, "याला अनुमोदक कोण?" कोणी हात वर केला नाही, एवढंच. सभा तहकूब झाली आणि दोघे दोन दारांनी बाहेर पडले. व्यायामशाळेला दुसरं दार आहे हे मला त्या दिवशी कळलं. ते फार वर्षांत कोणी उघडलं नव्हतं. तुझ्या बाबांना ते खांद्याने ढकलावं लागलं.

मग सुरू झाला अबोला. दोघे एकाच गिरणीत, एकाच रिंगखात्यात, समोरासमोर. आधी एका डब्यातलं खायचे. आता तुझे बाबा खिडकीकडे तोंड करून जेवतात म्हणे. तुझ्या आईने, कौसल्याकाकींनी, मात्र बोंबलाची चटणी पाठवणं थांबवलं नाही. बाबा ती खातात आणि रिकामी बाटली परत देताना निरोप धाडतात, "चटणी झकास. मत कायम." काकींचा उलट निरोप येतो, "मत घरी ठेवा, बाटली धुऊन द्या." एकदा बाबा नव्या रतनविरुद्ध आणखी पुरावे गोळा करायला एकटेच सिनेमाला गेले आणि मध्यंतरालाच घरी आले. आईने विचारलं, काय झालं? त्यांनी विडी शिलगावली. मग म्हणाले, "बाजूला कोपर मारायला कोणी नव्हतं."

आई माझ्याशी वेगळंच बोलत होती. ती म्हणाली, "नवा असो का जुना, तो रतन आपलं पाणी भरायला येणाराय का? तुझं काय ते बोल." मी वह्या तपासत राहिले. मग आईने चिडवलं, की एवढी वर्षं गंगाधरला अरे-तुरे करतेस, आता लग्नच मोडलं तर अहो म्हणायचं शिकायची पंचाईत वाचली. मी हसले, आणि मग वर्गात जाऊन फळ्याकडे बघत बसले. आईचं नाव घेऊन, रखमाबाईची पोर काय विचारात बसली, असं म्हणत बायकांनी पाट्या खाली ठेवल्या. त्यांना मी काय सांगणार होते? मला वाईट वाटत होतं, हे तर खरंच. पण कशाचं, ते माझं मलाच कळायला हवं होतं. बाबांनी मोडलं म्हणून वाईट वाटत होतं, की आपण जोडलंच कधी नव्हतं म्हणून?

तुला आठवतं का आपलं कसं ठरलं? सहावा सिनेमा पाहून दोघे बाबा परळहून चालत येत होते आणि वाटेत भोईवाड्याच्या कोपऱ्यावर त्यांनी ठरवून टाकलं. पुढच्या रविवारी सभेत सगळे दोष लिहून झाल्यावर, अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणाऱ्या विषयांत, आपलं लग्न आलं. आधीचा विषय होता व्यायामशाळेच्या पत्र्यांना भोकं पडल्याचा. टाळ्या वाजल्या. मी दाराशी परीक्षेचं पुस्तक घेऊन उभी होते, आणि तू त्या पत्र्यांकडेच बघत होतास. मला कोणी विचारलं नाही. तुलाही नाही. आणि आपण दोघांनीही काही म्हटलं नाही. त्यानंतर तुझी नागपूरहून पत्रं आली, ती मी जपून ठेवली आहेत, पण त्यांत संत्री आहेत, ऊन आहे, साहेबाचा स्वभाव आहे. माझ्या उत्तरांत शाळा आहे आणि चळवळ आहे. आपण कुठेच नाही.

काल तहकूब सभा पुन्हा भरली. दोघांनाही सोयरीक मोडल्याची रीतसर नोंद हवी होती, दोघेही नवे सदरे घालून आले होते. या वेळी माझ्या वर्गातल्या बायकाही आल्या, पाट्या घेऊन. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं आणि कोणी हटकलंही नाही. भिवातात्या म्हणाले, चिटणीसांनी नोंद घ्यावी. मी उभी राहिले.  मी म्हणाले, "अध्यक्षमहाराज, ज्या दोघांच्या लग्नाचा ठराव झाला त्यांची संमती कोणी घेतली नव्हती. म्हणून तो ठराव मुळात झालाच नाही. जे झालंच नाही ते मोडताही येत नाही. नोंद कशाची घेऊ?"

भिवातात्यांनी बराच विचार केला आणि म्हणाले, "मग हे दोघे आजवर एकमेकांना व्याही व्याही म्हणत होते ते काय?" मागून कांताबाई ओरडली, "हौस!" सगळ्या बायका हसल्या. माझे बाबा आणि तुझे बाबा एकमेकांकडे बघू लागले, महिनाभरात पहिल्यांदाच. दोघांच्या हातातलं भांडण मी काढून घेतलं होतं आणि आता हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळत नव्हतं. शेवटी तुझे बाबाच म्हणाले, "पोरी, मग तुझं म्हणणं काय?"

गंगाधर, हे मला आजवर आईखेरीज कोणी विचारलं नव्हतं. मी म्हणाले की गंगाधरशी लग्न करायची माझी इच्छा आहे, रतन नवा असला तरी आणि जुना असला तरी. हे मी ठराव म्हणून मांडत नाही, माहितीसाठी सांगते. कोणी हात वर करू नये. तरी भिवातात्यांनी सवयीने दोन्ही हात वर केले. बायकांनी पाट्या वर केल्या.  माझे बाबा नाक पुसून खाकरले आणि म्हणाले, "बरं. पण नोंदीत लिही, खरा रतन जुनाच." तुझे बाबा ताडकन उठले, "माझी उपसूचना हाय!" आणि पुन्हा जुंपली ती सभा संपेपर्यंत. पण मी लिहिता लिहिता पाहिलं, दोघे शेजारी शेजारी बसूनच भांडत होते, आणि मुद्दा ठसवायला माझ्या बाबांनी तुझ्या बाबांना कोपर मारलं.

आता हे पत्र कशासाठी, ते सांगते. माझं म्हणणं मी सगळ्यांसमोर सांगितलं, पण तुला अजून कोणीच विचारलेलं नाही. ते मी विचारते आहे. तू लहानपणापासून आज्ञाधारक आहेस, म्हणूनच मला भीती वाटते. दोन्ही बाबांना विसर, सभेला विसर, मी चारचौघांत बोलून बसले त्याचंही दडपण घेऊ नकोस. मन नसेल तर तसं मोकळं लिही, ते दोघांना वाचून दाखवायचं काम माझं, मी कोणाला तुला एक शब्द बोलू देणार नाही. मन असेल तर तेही तुझ्या शब्दांत लिही, बाबांच्या नको, आणि त्यात संत्री नसली तरी चालतील. तुझं उत्तर येण्याआधी पत्राखाली काय लिहावं हा पेच होता. 'आपली नम्र' लिहिणं सुरक्षित होतं. मी आईला विचारलं नाही, सभेपुढेही विषय ठेवला नाही. मला जे खरं वाटतं ते शाईने लिहून टाकलं आहे, आणि शाई वाळली आहे.

तुझीच,
बकुळा